नळाचा खड्डा

मुलांनो, आधी एक सांगा. तुमच्या घरचा नळ कुठे आहे? भिंतीवर, की जमिनीत?

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण आमच्याकडच्या, म्हणजे वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजाकडच्या मुलांना मी काय विचारतोय ते बरोबर कळेल. जिथे पाणी रोज येत नाही आणि आलं तरी धार करंगळीएवढी असते, तिथे लोक नळ वर घेत नाहीत, खाली घेतात. अंगणात खड्डा खणायचा, आतून विटा लावायच्या आणि तळाशी तोटी बसवायची. टाकीतलं पाणी उंचावर आणि तोटी जितकी खाली, तितका पाण्याला जोर जास्त. हे विज्ञान आमच्या गल्लीत शाळेची पायरी न चढलेल्यांनाही ठाऊक होतं. शेजारच्या काकूंनी गुडघाभर खड्डा केला की आमचे बाबा मांडीभर करायचे. मग काकू कुंपणावरून म्हणायच्या, "काय वो भाऊजी, सारं पानी तुमच्याच घरी न्या आता!" बाबा हसायचे. पुढच्या आठवड्यात काकूंचा खड्डा कमरेएवढा झालेला असायचा.

ही गोष्ट १९९८ सालच्या पावसाळ्यातली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी १ जुलैला अकोला जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि आमचं वाशीम जिल्ह्याचं ठिकाण झालं. मी नववीत गेलो होतो. नवा जिल्हा, नवी वह्या-पुस्तकं, आणि अंगात नुसता उत्साह!

त्या उत्साहात आम्ही गल्लीतल्या सहा पोरांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गल्लीची नाली साफ केली. कल्पना आजीची. आजीने लहानपणी गाडगेबाबांना पाहिलं होतं. गावात आले की आधी हातात खराटा, मग संध्याकाळी कीर्तन, असं ती सांगायची. आम्ही फावडी, टोपली घेतली आणि दोन दिवसांत नालीतला काळा, चिकट गाळ उपसून काढला. वास इतका, की जेवताना हात नाकाजवळ नेववत नव्हता. गाळ नालीच्या काठाकाठाने ढिगांनी रचून ठेवला. वाळला की उचलू, असं ठरलं. शाळेत विज्ञानाच्या सरांनी वर्गासमोर आमचं कौतुक केलं. (हे कौतुक त्यांनी पुढे परत घेतलं. ते सांगतोच.)

गाळ वाळायच्या आत मृगाचा पाऊस आला. आणि असा आला, की अर्ध्या तासात गल्लीचा ओढा झाला. आम्ही सगळे बाहेर. मी गणिताच्या जुन्या वहीची पानं फाडून होड्या करत होतो आणि माझी धाकटी बहीण, पाच वर्षांची, आम्ही तिला छोटीच म्हणायचो, त्या होड्या सोडून त्यांच्यामागे थपाक थपाक धावत होती. पाण्याचा रंग चहासारखा होता. पहिल्या पावसाचं पाणी तसंच असतं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. नळाचा खड्डा काठोकाठ भरला. त्यात एक होडी गोल गोल फिरत होती.

तिसऱ्या दिवशी नळ आले. बाबांनी तांब्या-तांब्याने खड्ड्यातलं पाणी उपसलं, तोटी बोटाने पुसली. पहिली बादली अंगणात ओतली, ही आमच्याकडची पद्धतच. मग घागर लावली. पाणी दिसायला स्वच्छ होतं.

त्या रात्री छोटीला जुलाब सुरू झाले, पहाटे उलट्या. आधी वाटलं, पावसात भिजली म्हणून. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले. आईने तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर चिमटीची घडी तशीच राहिली. ती घडी मला अजून दिसते. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टरांनी बाबांना एकच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" शेजारच्या खाटेवर काकूंचा नातू होता. संध्याकाळपर्यंत कळलं, आमच्या गल्लीतल्या पाच घरांत हीच गत आहे.

छोटी वाचली. सलाईनने आणि नंतर आईने चमच्या-चमच्याने पाजलेल्या साखर-मिठाच्या पाण्याने. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साधी गोष्ट आहे, पण १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पाजून हजारो पटकीच्या रोग्यांना वाचवलं. प्रमाण पाठ करून ठेवा, बरं का.

आता गल्लीत एकच चर्चा. टाकीचं पाणी खराब आलं! जो तो टाकीच्या दिशेने बोट दाखवत होता. मीही दाखवत होतो.

चौथ्या दिवशी सर घरी आले, छोटीला बघायला. त्यांच्या पिशवीत सहा लहान बाटल्या होत्या. प्रत्येकीत कागदाची एक वाळलेली, पिवळसर पट्टी. ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही सोपी परीक्षा शोधून काढली. बाटलीत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असतील तर ते पट्टीतलं खाद्य खाऊन वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, सडक्या अंड्याच्या वासाचा. पट्टीत लोहाचा क्षारही असतो. वायू आणि लोह एकत्र आले की पाणी काळं! कोणता जंतू, किती जंतू, हे बाटली सांगत नाही. फक्त हो की नाही, एवढंच सांगते.

आम्ही पाणी घेतलं. गल्लीच्या वरच्या टोकाला टाकीजवळचा सार्वजनिक नळ होता, तो भिंतीवर होता, त्याचं एक. आमच्या नळाचं एक. काकूंच्या नळाचं एक. खड्ड्यात साचलेलं एक, नालीचं एक, आणि आईने उकळलेलं एक. बाटल्या चुलीशेजारच्या फळीवर ठेवल्या. रात्री मी दोनदा उठून बघितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नालीची आणि खड्ड्याची बाटली शाईसारखी काळी होती. दुपारपर्यंत आमच्या नळाची काळी झाली, मग काकूंची. उकळलेलं पाणी जसंच्या तसं. आणि टाकीजवळच्या नळाचं? तेही जसंच्या तसं!

म्हणजे टाकीतून पाणी चांगलं निघत होतं, आमच्या दारात येऊन बिघडत होतं.

हे कसं, ते सरांनी सलाईनच्या नळीचा तुकडा घेऊन दाखवलं. नळीत पाणी भरलं, एक टोक बादलीत बुडवून ठेवलं, दुसरं खाली सोडलं. खालच्या टोकाने पाणी वाहू लागलं की वरचं टोक बादलीतलं पाणी ओढू लागतं. आमच्या नळांचंही तेच. पुरवठा बंद झाला की जमिनीखालच्या नळीतलं पाणी उताराकडच्या घरांकडे वाहून जातं, आणि रिकामी होणारी नळी जिथून मिळेल तिथून ओढून घेते. तोटी सैल असेल, जोड गळका असेल आणि तो खड्ड्यातल्या गढूळ पाण्यात बुडालेला असेल, तर तेच पाणी आत. पुढच्या वेळी नळ आले की ते कुणाच्या तरी घागरीत.

शहर मोठं असलं म्हणून यातून सुटका नाही. १९५५ साली दिल्लीत यमुनेला पूर आला आणि नाल्याचं घाण पाणी शहराचं पाणी जिथून उचलतात तिथपर्यंत मागे सरकलं. काही आठवड्यांत सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली.

आजीला मात्र हे पटेना. तिने आम्हाला नेहमी पद्मतीर्थाची गोष्ट सांगितलेली. वासुकी राजाला कोड होतं, वाशीमच्या तळ्यात स्नान केलं आणि ते गेलं, मग राजाने ते तळं मोठं बांधून घेतलं. "पान्यानं रोग जाते पोराहो, येत नाही," असं ती म्हणायची. सरांनी तिला उलटून उत्तर दिलं नाही. त्यांनी दुसऱ्या तळ्याची गोष्ट सांगितली, कलकत्त्याची. १८८४ साली रॉबर्ट कॉख नावाचा जर्मन डॉक्टर पटकीचं मूळ शोधत तिथे आला होता. एका वस्तीच्या तळ्याकाठी लोक पटकीने मरत होते. त्याच तळ्यात कपडे धुतले जात, काठावरच्या संडासांची घाण तिथेच उतरे, आणि प्यायचं पाणीही तिथूनच. कॉखला त्या पाण्यात पटकीचे स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू सापडले. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मंग राजाच्या तळ्यात कोनी घान नसंल टाकत."

याहून अचूक उत्तर मी पुढे कॉलेजातही ऐकलं नाही.

आता प्रश्न राहिला, खड्ड्यातली घाण आली कुठून? मी लगेच म्हणालो, वरच्या आळीतून. तिकडे उकिरडा आहे, डुकरं आहेत. सर म्हणाले, "रंगपंचमीचा रंग उरलाय का घरात?"

पुढचा पाऊस दोन दिवसांनी आला. सरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे आम्ही पोरं आपापल्या जागी छत्र्या धरून उभे. लाल रंग आमच्या कौतुकाच्या गाळाच्या ढिगांवर टाकला होता. हिरवा आमच्या गोठ्यात, म्हशींच्या पायाशी. निळा वरच्या आळीच्या उकिरड्यावर. पाऊस पडू लागला. निळा रंग गल्लीच्या तोंडाशी वळला आणि पलीकडच्या मोठ्या नाल्याकडे निघून गेला! आमच्याकडे फिरकलाच नाही. लाल रंग ढिगांवरून सरळ नालीत उतरला, नाली तुंबली, आणि लाल पाणी काकूंच्या खड्ड्यात गेलं. आणि आमच्या खड्ड्यात हिरवं पाणी चढत होतं. हळूहळू, गवतासारखं हिरवं.

बाबा ओट्यावर उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. काकू आल्या, त्यांनी आमचा खड्डा पाहिला, मग स्वतःचा पाहिला. त्यांच्या खड्ड्यात लालमध्ये हिरवंही मिसळलं होतं. मला वाटलं, आता भांडण होणार. काकू एवढंच म्हणाल्या, "पोरगं वाचलं माहं, बस झालं." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

गोठ्यात नुसत्या म्हशी नव्हत्या. माझ्या आत्याचं तान्हं बाळ तेव्हा आमच्याकडे होतं, आणि त्याचे शीचे कपडे गोठ्याच्या मोरीवरच धुतले जायचे. तान्ह्याच्या शीने काय होतं, असं सगळेच म्हणतात. खरं तर लहान मुलांच्या शीत रोगाचे जंतू मोठ्यांपेक्षा जास्त असू शकतात, कारण पोटाचे आजार त्यांनाच जास्त होतात. विष्ठेतल्या ज्या जंतूवरून आज जगभर पाण्याची परीक्षा होते तो ई. कोलाय थिओडोर एशरिख नावाच्या बालरोगतज्ज्ञाला १८८५ साली बाळांच्या शीतच सापडला होता. प्यायच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे जेमतेम अर्ध्या पेल्यात, तो एकही असू नये असा आपल्याकडचा नियम आहे. आणि एक ग्रॅम विष्ठेत असे जंतू लाखो-कोट्यवधी असतात. आमच्या गल्लीभर पसरायला केवढीशी लागली असेल, हिशेब तुम्हीच करा.

पहिला पाऊस सर्वांत वाईट का, तेही तेव्हा कळलं. उन्हाळाभर कुत्र्यांची, गुरांची, माणसांची घाण रस्त्यावर, नालीत साठते. पहिला लोंढा ती सगळी एका झटक्यात उचलतो. आणि जंतू मोकळे कमी असतात, गाळाच्या कणांना चिकटून जास्त. ओल्या, सावलीतल्या गाळात ते दिवसचे दिवस जिवंत राहतात. आम्ही तो गाळ उपसून पावसाच्या स्वागताला काठावर मांडून ठेवला होता! सरांनी कौतुक परत घेतलं ते याच वेळी. म्हणाले, "नाली साफ केली ती शाबासकी तुमचीच. पण गाळ न उचलणं म्हणजे पेपर लिहून वर्गातच विसरून येणं."

काहींनी उपाय सुचवला, नालीत ब्लीचिंग पावडर टाका. नालीकाठी पांढरी रेघ ओढली की आपल्याकडे स्वच्छता झाली असं समजतात, विशेषतः कुणी मोठा माणूस येणार असेल तेव्हा. पण क्लोरीन आधी चिखलावर आणि कचऱ्यावर खर्च होतो. जंतूंच्या वाट्याला फार थोडा उरतो, आणि वाहत्या पाण्यात तोही पुढे निघून जातो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात, पिंपात, तो खरा कामाचा.

मग आम्ही काय केलं? गाळ त्याच संध्याकाळी बैलगाडीत भरून वावराच्या बांधावर नेला, खड्ड्यात टाकला आणि वर माती लोटली. हे सोपं होतं. शेणाचा ढीग अंगणातून परसात हलवला, भोवती वीतभर बांध घातला. बाळाचे कपडे संडासात धुवायचे ठरले. त्यासाठी आजीची समजूत आईने कशी घातली ते मला माहीत नाही, पण दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या.

गोठ्याच्या पाण्यासाठी शोषखड्डा खणला तो मात्र फसला. चार फूट खणलं, तळाशी दगड, वर गिट्टी, वर वाळू, सगळं पुस्तकाप्रमाणे. पहिल्याच जोरदार पावसात भरला आणि उतू गेला. आमच्या भागातली काळी माती भिजली की फुगते, पाणी गिळतच नाही. बाबा आणि मी आठवडाभर रोज संध्याकाळी खणत राहिलो, मुरूम लागेपर्यंत. मुरूम लागला आणि पाणी गुपचूप उतरू लागलं. शोषखड्डा विहिरीपासून, बोअरपासून लांब हवा, हेही सरांनी बजावलं, नाहीतर घाण एका दारातून काढून दुसऱ्या दाराने आत. गोठा आणि अंगण यांच्यामध्ये आईने कर्दळ लावली, खाली हरळी वाढू दिली. गवतातून पाणी रेंगाळत जातं, गाळ तिथेच बसतो, आणि मातीतले सूक्ष्म जीव या जंतूंना चक्क खाऊन टाकतात.

सगळ्यांत अवघड काम राहिलं होतं. नळाचा खड्डा बुजवणं.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? तोटी वर घेतली की पाणी कमी. आपण एकट्याने वर घेतली, तर आपलं पाणी शेजाऱ्याच्या खड्ड्यात. गल्लीतल्या अकरा घरांनी एकाच दिवशी वर घेतली तरच सगळ्यांना सारखं. दोन बैठका झाल्या. दुसरीत काकू उठून म्हणाल्या, "माहा खड्डा उद्या बुजते. ज्याले पानी न्यायचं त्यानं न्यावं." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी त्यांनी मुरूम आणून टाकला. बाबांनी त्याच दिवशी आमचा बुजवला, तोटी हातभर वर घेतली, जोड नवा बसवला. सात घरांनी केलं. चारांनी नाही केलं, आणि त्यांना खरंच जास्त पाणी मिळू लागलं. आई कितीतरी महिने गल्लीच्या टोकाच्या नळावरून दोन घागरी जास्त आणत होती. बाबांनी काही दिवसांनी तोटी परत खाली घ्यायची गोष्ट काढली. आई म्हणाली, "छोटीच्या पोटाची चिमटी घेऊन बघितली होती ना तुम्ही?" विषय संपला.

पुढच्या जूनमध्ये सरांनी पुन्हा बाटल्या आणल्या. आमच्या नळाची बाटली दोन दिवस फळीवर राहिली आणि स्वच्छ राहिली. नालीची मात्र काळीच झाली, दहा-बारा तासांत. सर म्हणाले, तिला वेळ लागेल.

तिला अजून वेळच लागतोय. आता गल्लीत सिमेंटचा रस्ता आहे. पाणी मुरायला जागा उरली नाही, सगळं नालीत, तेही दुप्पट वेगाने. घरोघरी संडास आले ही मोठीच गोष्ट, पण काही सेप्टिक टाक्यांचा जादा पाण्याचा पाइप शोषखड्ड्यात न जाता सरळ नालीत सोडलेला असतो. पूर्वी उघड्यावर दिसणारी घाण आता पाइपातून, न दिसता येते.

छोटी आता वाशीमलाच असते, तिची मुलगी सातवीत आहे. गेल्या जुलैत तिचा फोन आला. मागे पावसाचा आवाज येत होता. "मामा, शेजारच्या नव्या घराच्या पाइपाखाली हिरवा रंग टाकायचा होता, पण हिरवा संपलाय. पिवळा चालेल का?"

मी म्हटलं, "चिखलात पिवळा दिसणार नाही. लाल बघ. आणि आधी तुमच्या स्वतःच्या पाइपाखाली टाक."